जुन्या टेरेसर ब्लेडविषयी

सावदा, ता. रावेर

प्रिय प्रभाकर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. शेतघरापर्यंतचा मुरमाचा रस्ता दर पावसाळ्यात उखडतो आणि केळी कापणीच्या दिवसांत गाडी आत यायला तयार होत नाही, म्हणून मिनी ट्रॅक्टरला नवे ब्लेड घ्यावे की दर वर्षी जेसीबी बोलावून मुरूम टाकावा, असे तू विचारले आहेस. माझे मत या दोन्हींहून वेगळे आहे. आबांच्या मोठ्या ट्रॅक्टरचे जे टेरेसर ब्लेड, म्हणजे मागे जोडून माती खरवडायचे नि पसरायचे लोखंडी पाते, तुमच्या गोठ्यामागे गंजत पडले आहे, ते दुरुस्त करून छोट्या ट्रॅक्टरला जोडून घे. जुन्या पात्यांची प्लेट जाड असते, आणि या कामात वजनालाच किंमत आहे.

आधी रस्त्याचे सांगतो, कारण अवजार कसे हवे ते त्यावरूनच ठरते. गाड्यांनी रस्ता खराब होतो असे आपण म्हणतो, पण खरे नुकसान चाकोरीत थांबलेले पाणी करते. आपली काळी जमीन भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि वरून टाकलेला मुरूम भिजलेल्या मातीत रुतत जातो. म्हणून रस्त्याचा मध्य उंच आणि दोन्ही कडा उतरत्या हव्यात. मुरमाच्या रस्त्याला साधारण ४ टक्के उतार लागतो. म्हणजे १० फुटी रस्त्याचा मध्य कडेपेक्षा सुमारे अडीच इंच वर राहिला पाहिजे. रस्ता सरळ सपाट करून दिला जातो तेव्हा तो चार दिवस देखणा दिसतो, पण पहिल्याच मोठ्या पावसात पाणी मध्यावर साचते. खड्ड्यात नुसता मोकळा मुरूम भरणेही व्यर्थ आहे, कारण चाक तो पुन्हा बाहेर फेकते. खड्ड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा भाग खरवडून काढावा, सगळा माल एकत्र करून पसरावा आणि मग दाबावा, तरच तो एकजीव होतो.

एवढे करायचे तर पात्याला तीन हालचाली हव्यात. ते आडवे तिरपे वळले पाहिजे, म्हणजे कडेला गेलेला माल मध्याकडे सरकत येतो. त्याची एक बाजू खाली झुकली पाहिजे. हे ट्रॅक्टरमागच्या उजव्या खालच्या दांड्याच्या, म्हणजे लोअर लिंकच्या, लेव्हलिंग रॉडने साधते. आणि त्याचा पुढे-मागे कल बदलता आला पाहिजे, जो टॉप लिंकने, म्हणजे वरच्या मधल्या दांड्याने, बदलतो: टॉप लिंकची लांबी कमी-जास्त केली की एका कलाला पात्याची धार जमिनीत शिरू पाहते, दुसऱ्या कलाला ते वरवर साफ करत जाते. वखराची पास लागू करताना तू हेच हातांनी केलेले आहेस, त्यामुळे तुला ते लवकर उमगेल.

आता दुरुस्ती. सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे पाते ज्या उभ्या पिनवर फिरते तो सांधा. तो जाम असेल तर डिझेल सोडून मुरू दे, मग बाहेरचा कॉलर तापवून पिन ठोकून काढ. पिनचे भोक बहुधा झिजून लांबट झालेले असेल. ते तसेच ठेवून फक्त नवी पिन घालणे मला अजिबात मान्य नाही, कारण तेवढ्या ढिलेपणाने पाते थरथरते आणि ती थरथर रस्त्यावर लाटांच्या रूपाने उमटते. लेथवर भोक गोल व मोठे करून घ्यावे, त्यात बुश, म्हणजे पिनभोवतीची धातूची नळी, दाबून बसवावा, ग्रीस निप्पल द्यावे आणि पिन नवी कातून घ्यावी.

धारेची पट्टी झिजलेली असणारच. आपल्याकडे ट्रकच्या जुन्या कमानपट्ट्याचा तुकडा थेट वेल्ड करण्याची पद्धत आहे. ते पोलाद कठीण असल्याने वेल्डिंगच्या कडेला ठिसूळ होते आणि पहिला दगड लागताच तिथून तडकते. त्यापेक्षा पट्टी बोल्टने बसव. भोक पाडायचे तेवढाच भाग लाल तापवून राखेत सावकाश गार होऊ दिला की ड्रिल चालते, आणि उरलेल्या धारेचा कठीणपणा शाबूत राहतो. दोन्ही कडांपासून भोके सारख्या अंतरावर ठेवलीस, तर एक धार झिजल्यावर पट्टी उलटून दुसरी वापरता येईल. शेवटी वायर ब्रशने गंज काढून रेड ऑक्साइड आणि रंग दे. रंगाला घाई नाही.

छोट्या ट्रॅक्टरला जोडताना मापे नीट घे. दोन लोअर लिंक आणि एक टॉप लिंक अशी हॅरी फर्ग्युसन या अभियंत्याची तीन बिंदूंची जोडणी १९३९च्या फोर्ड ९एन ट्रॅक्टरबरोबर सर्वदूर पोचली आणि पुढे तिची मापे ठरली, म्हणूनच एका कंपनीचे अवजार दुसऱ्या कंपनीच्या ट्रॅक्टरला लागू शकते. या मापांच्या पहिल्या वर्गाच्या (कॅटेगरी १) जोडणीत खालच्या पिना २२ मिलीमीटरच्या आणि टॉप लिंकची १९ मिलीमीटरची असते. आबांचे ब्लेड त्याहून जाड पिनांचे असू शकते, आणि मिनी ट्रॅक्टरचे लोअर लिंक एकमेकांच्या जवळ असतात, तेव्हा पिनांच्या पट्ट्या कापून आत घ्याव्या लागतील. पाते फार आखूड मात्र करू नकोस. ५ फुटी पाते ३० अंश वळवले की त्याची रुंदी सव्वाचार फुटांच्या आसपास उरते, आणि तेवढ्यात मागच्या दोन्ही चाकांचे माग झाकले गेले पाहिजेत. हायड्रॉलिक फक्त उचलते, खाली दाबत नाही. पाते स्वतःच्या वजनानेच जमिनीत बसते. जुने भारी पाते जपावे म्हणतो ते यासाठीच. उचलल्यावर पुढची चाके हलकी होत असतील तर समोर वजने लाव.

टणक झालेल्या मुरमावर पाते नुसते घसरते. त्यासाठी मोडक्या कल्टिव्हेटरचे फण एका जाड चौकोनी बारवर बसवून आधी रस्ता फोडून घ्यावा. हे काम पेरणीसारखे वाफशावर करावे: कोरड्यात धूळ उडते आणि माल बसत नाही, ओल्यात चिखल होतो. पात्याखाली काम करताना ते हायड्रॉलिकच्या भरवशावर अधांतरी ठेवू नकोस, खाली लाकडी ठोकळे दे.

दोन्ही लोअर लिंकमधले अंतर, पिनांची जाडी आणि मागच्या चाकांची बाहेरून बाहेर रुंदी मोजून कळव, आणि उभ्या सांध्याचा जवळून काढलेला फोटो पाठव. बुश आणि पिन इथल्या लेथवर माझ्यासमोर करून घेतो आणि येताना घेऊन येतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
यशवंत