सेगाची पत कुठे गेली

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार. ‘सेगाच्या ड्रीमकास्टचा बळी सोनीच्या प्लेस्टेशन 2 नं घेतला’ हे व्हिडिओ गेमच्या यंत्रांबद्दलचं तुझं वाक्य वाचलं आणि राहवेना, म्हणून लगेच लिहायला बसलो. अरे, प्लेस्टेशन 2 नं शेवटचा धक्का दिला, एवढंच. सेगाची पत त्याआधीच गेली होती आणि ती घालवली सेगानंच.

सुरुवातीपासून बघ. 15 जुलै 1983 ला सेगाचा एसजी-1000 जपानात विक्रीला आला आणि नेमका त्याच दिवशी निन्टेंडोचा फॅमिकॉमही. फॅमिकॉमच्या नकला पुढे आपल्याकडे घरोघरी पोचल्या, एसजी-1000 चं नाव कुणाच्या गावीही नाही! तरी गडी खचला नाही. 1988 मध्ये 16 बिटांचा मेगा ड्राइव्ह आणला. अमेरिकेत त्याचंच नाव जेनेसिस. मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीतून आलेले, सेगाच्या अमेरिकी शाखेचे प्रमुख टॉम कॅलिन्स्की यांनी तिथे यंत्राची किंमत उतरवली आणि 1991 चा नवाकोरा ‘सोनिक’ गेम खोक्यातच देऊन टाकला. जपानच्या साहेबांना हे अजिबात पटलं नव्हतं म्हणतात. पण निन्टेंडोच्या तोंडचं पाणी पळालं, हे खरं.

मग जेनेसिसची ताकद वाढवायला त्याला लावायच्या जोडयंत्रांचं खूळ शिरलं. आधी सीडीवाला जोड, मग नोव्हेंबर 1994 मध्ये 32एक्स. तिन्ही एकत्र लावलेला जेनेसिस तू फोटोत पाहिला असशीलच: खाली सीडीचं धूड, मधे जेनेसिस, वर 32एक्सचा उंचवटा आणि तिघांना तीन वेगळे ॲडॅप्टर. भिंतीतला अख्खा बोर्ड सेगाच्या नावे! बरं, त्याच महिन्यात जपानात सॅटर्न हा अगदी नवा गेम कन्सोल विकायला काढला. म्हणजे 32एक्स घेणाऱ्याचे पैसे पाण्यात. 32एक्ससाठी गेमही जेमतेम चाळीसेकच आले. पोरांच्या आईबापांनी हे विसरावं तरी कसं?

कहर झाला 11 मे 1995 ला, लॉस एंजेलिसच्या ई3 या व्हिडिओ गेमच्या प्रदर्शनात. सॅटर्न सप्टेंबरमध्ये येणार असं आधी सांगितलेलं. कॅलिन्स्कींनी मंचावरून जाहीर केलं की तो आजपासूनच मिळेल, 399 डॉलरला, पण मोजक्याच दुकानांत. वगळलेले दुकानदार भडकले, केबी टॉइज या खेळण्यांच्या दुकानसाखळीनं तर सेगाचा माल ठेवणंच बंद केलं. गेम बनवणाऱ्यांचीही तयारी सप्टेंबरच्या हिशेबानं चाललेली, त्यामुळे यंत्र आलं पण त्यावर खेळायचं काय? त्याच दिवशी सोनीचे स्टीव्ह रेस मंचावर आले, ‘299’ एवढंच म्हणाले आणि उतरले. प्लेस्टेशन शंभर डॉलरनं स्वस्त! माझ्या मते सेगा त्या दिवशीच हरली.

ड्रीमकास्टमध्ये काय कमी होतं, सांग ना. 9 सप्टेंबर 1999 ला अमेरिकेत 199 डॉलरला आला, तोही मोडेमसकट. नकली डिस्क चालायच्या, ते दुखणं वेगळं. पण एकदा ठेच लागलेले लोक सोनीच्या डीव्हीडीवाल्या यंत्रासाठी, म्हणजे प्लेस्टेशन 2 साठी थांबले. 31 जानेवारी 2001 ला सेगानं यंत्र बंद करत असल्याचं जाहीर केलं. अध्यक्ष इसाओ ओकावांनी कंपनीला दिलेलं कर्ज माफ केलं, स्वतःचे शेअरही देऊन टाकले आणि मार्चमध्ये ते वारले. वर्ष संपायच्या आत सोनिक निन्टेंडोच्या यंत्रावर धावू लागला. हे मात्र मला आजही बघवत नाही.

दिवाळीत येशील तेव्हा सीआर2032 चे दोन सेल घेऊन ये. मामेभावाच्या जुन्या ड्रीमकास्टचं मेमरी कार्ड सुरू करताना केकाटतं. ‘सोल कॅलिबर’ मात्र झकास चालतो, आणि मागचे हिशेब चुकते व्हायचेत.

तुझा,
सुहास