बाई, तुमचे चार एक्के अजून माझ्याकडेच आहेत

आदरणीय बाई,
साष्टांग नमस्कार.

समोर बसून तुमचे आभार मानायला गेलं की तुम्ही "आधी चहा घे" म्हणून उठता आणि विषय तिथेच संपतो. म्हणून हे पत्र उघडं लिहितेय. चार लोकांनी वाचलं म्हणजे तुम्हाला ते उडवून लावता येणार नाही.

मागच्या आषाढात अंगणातल्या शेवाळावर पाय सरकला आणि माझं उजवं मनगट मोडलं. मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढून पोट भरणाऱ्या बाईचं उजवं मनगट. सहा आठवडे प्लास्टर. हाड जुळलं, पण प्लास्टर निघाल्यावर पेन्सिल धरली तर रेघ थरथरायची. साधा आंब्याचा आकार येईना. मी वही मिटली. आज बघू, उद्या बघू म्हणता म्हणता गणपती गेले, दिवाळी गेली. हातातली दोन कामं मी आपणहून सोडली आणि घरात सांगितलं की हात दुखतो. हात दुखत नव्हता. मला त्या रेघेची भीती वाटत होती.

हे तुम्हाला कुणी सांगितलं ते मला अजून ठाऊक नाही. तुम्ही आलात, पिशवीतून रुमालात गुंडाळलेली चार पानं काढलीत आणि माझ्यासमोर मांडलीत. टॅरो कार्डं बघून मी दचकलेच. आता बाई माझं भविष्य सांगणार की काय! तुम्ही म्हणालात, "मला भविष्य कळत नाही, चित्र कळतं. नीट बघ."

चारही पानांवर ढगातून बाहेर आलेला एक-एक हात होता. मला पहिल्यांदा आठवलं ते माझं प्लास्टर. तसाच पांढरा गोळा आणि त्यातून बाहेर डोकावणारी बोटं. एका हातात काठी, एकात पेला, एकात तलवार आणि एकाच्या तळव्यावर मोठं नाणं. वँड्स, कप्स, स्वोर्ड्स, पेंटॅकल्स. टॅरोची ७८ पानं. त्यातल्या मायनर अर्काना म्हणजे धाकट्या गटाच्या ५६ पानांत हे चार रंग, आणि प्रत्येक रंगाची सुरुवात एक्क्याने. माझ्यासमोर होते ते हेच चार एक्के. काठी म्हणजे अग्नी, पेला म्हणजे पाणी, तलवार म्हणजे वारा, नाणं म्हणजे पृथ्वी. मी म्हटलं, पंचमहाभूतांतलं आकाश राहिलं. तुम्ही ढगावर बोट ठेवलंत.

मग तुम्ही मला ज्या बाईबद्दल सांगितलंत, तिच्याविषयी इथे लिहायलाच हवं. ही चित्रं पामेला कोलमन स्मिथची. लंडनमध्ये जन्मलेली, जमैकात वाढलेली, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये चित्रकला शिकलेली. गूढविद्येचे अभ्यासक आर्थर एडवर्ड वेट यांनी योजलेला हा कॅट १९०९ च्या डिसेंबरात लंडनच्या रायडर प्रकाशनाने काढला. त्याच्या महिनाभर आधी तिने छायाचित्रकार आल्फ्रेड स्टीग्लिट्झ यांना पत्रात कळवलं होतं की एक मोठं काम अगदी थोड्या पैशांत नुकतंच संपवलंय. पुढे वर्षानुवर्षं हा कॅट 'रायडर-वेट' म्हणूनच ओळखला गेला. तिचं नाव त्यात नव्हतंच. १९५१ मध्ये कॉर्नवॉलमधल्या ब्यूड गावी ती गेली तेव्हा डोक्यावर कर्ज होतं. पण पानाच्या कोपऱ्यात तिची वेटोळ्यासारखी सही आहे, ती कुणी पुसू शकलं नाही. तुम्ही मला आधी ती सहीच शोधायला लावलीत. चित्र काढणाऱ्या बाईला चित्र काढणाऱ्या बाईची सही दाखवायची, हे तुम्हालाच सुचावं.

"ह्या पानार देणारो दिसता," तुम्ही म्हणालात, "पण घेणारो खंय आसा गो?"

मी चारही पानं पुन्हा पाहिली. डोंगर आहेत, दूरवर किल्ला आहे, लिलीची बाग आहे, बागेतून बाहेर जाणारी वाट आहे, चोचीत काही धरून खाली झेपावणारं कबुतर आहे. माणूस मात्र एकही नाही. टॅरो वाचणारे एक्क्याला नवी सुरुवात म्हणतात, स्फूर्ती म्हणतात. पामेला ज्या गोल्डन डॉन नावाच्या गूढविद्येच्या मंडळात होती तिथे एक्क्याला त्या त्या तत्त्वाच्या शक्तीचं मूळ म्हणत. मूळ, फळ नव्हे. तोवर मी स्फूर्तीची वाट अशी पाहत होते, जणू ती आली की हात आपोआप सरळ चालेल.

त्या संध्याकाळी तुम्ही गंजिफाही काढलात, आठवतं? लाख लावलेले गोल पत्ते. मत्स्याच्या एक्क्यावर एकटा मासा, परशुरामाच्या एक्क्यावर एकटा परशू. दशावतारी गंजिफांच्या दहा रंगांपैकी अर्ध्यांत एक्का सगळ्यात हलका आणि उरलेल्या अर्ध्यांत राजा-प्रधानाखालोखाल भारी. आपल्या खेळातही तेच की. बदाम सातमध्ये एक्का खालच्या टोकाला पडून राहतो आणि मेंढीकोटमध्ये तोच सगळा हात उचलतो. सावंतवाडीत जन्म गेला, चितारआळीतून रोज येणं-जाणं, तरी हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

पण बाई, खरे आभार मानायचे आहेत ते तुम्ही दिलेल्या गृहपाठाचे. तुम्ही पेल्याचा एक्का पुढे सरकवलात आणि म्हणालात, "हात काढू नकोस, पेला काढू नकोस. खालचं पाणी काढ. पाण्याची रेघ सरळ कुठे असते?"

मी काढलं. थरथरत्या रेघेने पाणी काढलं, आणि ते पाणी दिसलं. चार महिन्यांत पहिल्यांदा कागदावर काहीतरी काहीतरीसारखं दिसलं. मी रडले, तेव्हा तुम्ही खिडकीबाहेर बघत बसलात, त्याबद्दलही आभार. मग म्हणालात, पेल्यातून पडणाऱ्या धारा मोज. वेट यांनी आपल्या पुस्तकात चार लिहिल्यात. पामेलाने पाच काढल्यात.

पाण्यानंतर पालवी. काठीच्या एक्क्यातली काठी तोडलेली आहे, तरी तिला पानं फुटलीत. कुंपणाला रोवलेला पांगाऱ्याचा खुंट पावसात फुटतो तशीच. पानांच्या कडा वेड्यावाकड्या असल्या तरी चालतात. मग तलवारीमागचे उघडेबोडके डोंगर. मग नाणं, ज्याने माझे तीन आठवडे खाल्ले, कारण गोल हा थरथरणाऱ्या हाताला फार कठीण. तलवार तुम्ही मुद्दाम सगळ्यात शेवटी ठेवलीत. होळीच्या आदल्या दिवशी ती उभी राहिली, टोकावरच्या मुकुटासकट. पट्टी न लावता.

आता माझ्याकडे एका पुस्तकाचं काम आहे. तळ्याकाठच्या बेडकाची गोष्ट. त्यातलं पाणी मी अजूनही त्या जुन्याच रेघेने काढते. हात कडक असेल त्या सकाळी तर मुद्दाम पाण्याचीच पानं घेते.

तुमच्या कॅटमध्ये एवढे महिने ७४ पानंच आहेत आणि तुम्ही एकदाही चार एक्के परत मागितले नाहीत. रविवारी ते घेऊन येते, त्याच रुमालात. सोबत गंजिफाएवढं एक गोल पान आहे, मीच रंगवलेलं. त्यावर खालून वर आलेला एक हात आहे, उघडा, मनगटाशी जरा वाकडा. चहा नंतर ठेवा बाई, आधी ते पान बघा.

तुमची,
शेवटच्या बाकावरची विद्यार्थिनी