मास्तर, तुमचा माऊथपीस अजून माझ्याकडेच आहे

मास्तर, नमस्कार. तुम्ही व्हॉट्सॲप वापरत नाही आणि फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येत नाही (आयुष्यभर बँडमध्ये उभं राहिल्यावर कानांचं दुसरं काय होणार), म्हणून हे इथेच लिहितोय, तुमची नात वाचून दाखवेल.

गेल्या गणपतीत माझं काय झालेलं ते तुम्हाला माहितीये, बाकीच्यांसाठी सांगतो. मिरवणुकीत पहिला अर्धा तास मी ट्रम्पेट एकदम मस्त वाजवायचो आणि मग जरा जोर लावला की सूर गायब. फाटायचा वगैरे नाही, डायरेक्ट बंद, नुसती हवा. ताशावाला वळून बघायचा, मी काहीतरी वॉल्व्ह अडकल्याची ॲक्टिंग करायचो. दम कमी पडतोय असं वाटून मी काही महिने रोज सकाळी प्राणायाम केला, सोसायटीत जिना चढलो, काही फरक नाही. त्याआधी एकाने सांगितलेलं की वरचे सूर पाहिजेत तर उथळ कपचा (कप म्हणजे ओठ टेकतात ती वाटी) माऊथपीस घे, तो मी ऑनलाइन मागवलेला, आणि पहिल्या दिवशी गच्चीवर वरचा सा असा खणखणीत लागला की मी त्याच्या प्रेमातच पडलो ना.

शेजारच्या काकांनी तुमच्याकडे लालबागला पाठवलं. मला वाटलं तुम्ही आधी वाजवायला लावाल. तुम्ही माऊथपीस काढून घेतला, ट्यूबलाइटकडे धरला, एक डोळा मिटून भोकातून बघितलं आणि म्हणालात, "यात काय, वडापावची चटणी ठेवलीयेस?" साधारण 3.66 मिमीचं भोक असतं ते, त्यातलं निम्मं मी मळाने बुजवलेलं. कोमट पाणी आणि बारीक ब्रशने धुवून दिलात, मग म्हणालात, आता वाजव, जोरात. आणि मी वाजवत असताना तुम्ही ट्रम्पेट ऐकतच नव्हता, माझं तोंड बघत होता.

नंतर जे सांगितलंत ते मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. माझे ओठ जाड, त्यात थकले की सुजतात, आणि कप उथळ असला की ते आत घुसून कपच्या तळालाच टेकतात, मग थरथरायला जागाच उरत नाही, सूर बंद. दमाचा संबंधच नाही! मला हसावं की प्राणायामाचे ते महिने परत मागावे कळेना.

मग तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला, जुन्या रुमालात गुंडाळलेले सात-आठ माऊथपीस. मी लगेच नंबर वाचायला लागलो तर तुम्ही हातावर चापट मारलीत. डोळे बंद, एकेक हातात, आधी खालचा सूर हळू, जिभेने न ठोकता नुसत्या फुंकीने लागतो का ते बघ, मग त्याच फुंकीत वर जा, मग तेच गाणं सगळ्यांवर. आणि खरी गंमत म्हणजे ताजेपणी निवडायचाच नाही. वीस मिनिटं वाजवून ओठ मेल्यावर पुन्हा तेच सगळं. ताजा असताना मला एक एवढा आवडलेला, जाडजूड भरलेला आवाज, तो बाख कंपनीचा दीड सी नंबरचा निघाला, कप 17 मिमी रुंद, पण दुसऱ्या फेरीत त्यानेच माझी वाट लावली. दोन्ही फेऱ्यांत मी बरोबर म्हटलेला एकच होता, 3सी. उथळवाल्याच्या आधीचा माझा सुरुवातीचा 7सी 16.20 मिमी आणि हा 16.30. कागदावर फरक काहीच नाही, पण 7सीची आतली कड मला टोचायची ती इथे टोचत नाही आणि कपात ओठाला जागा आहे.

ते बाख आणि यामाहाचे नंबर उलटे असतात हे तुम्ही चहाच्या बिलामागे लिहून दिलेलं ते मी पाकिटात ठेवलंय. बाखमध्ये आकडा लहान तर कप रुंद आणि अक्षर ए म्हणजे खोल, यामाहात आकडा मोठा तर रुंद आणि ए म्हणजे उथळ. दुकानात उभं राहून हे आठवायचं म्हणजे डोक्याला ताप आहे. फक्त सोन्याचं पाणी दिलेल्या रिमवरून (ओठाला लागते ती कड) आपलं पटत नाही मास्तर, तुम्ही म्हणता शो आहे, मला ती खरंच जास्त गुळगुळीत लागते. असो.

माघी गणपतीत अडीच तास वाजवलं. वरचा सा पूर्वीसारखा कबुतरं उडवत नाही, थोडा मेहनतीने लागतो, पण शेवटच्या गाण्यालाही लागला. ताशावाल्याने एकदाही वळून बघितलं नाही.

पैसे तर तुम्ही घेतले नाहीत, उलट ब्रश पण दिलात. माझा स्वतःचा 3सी आता आलाय, धोबी तलावला जाऊन, डोळे बंद करून, दुकानदार हसत असताना घेतला. तुमचा शनिवारी संध्याकाळी आणून देतो, धुवूनच आणतो, ट्यूबलाइटखाली बघायची गरज नाही.