शनिवारची बैठक : ज्वलनाकडून नॅनोपदार्थांकडे

सभासदांनो,

येत्या शनिवारी संध्याकाळी ५ वाजता नेहमीच्या वर्गात बैठक आहे. ज्वलनावर पीएचडी करून पुढे नॅनोपदार्थांकडे, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या पदार्थांकडे, वळलेल्या आपल्याच एक ज्येष्ठ सभासद स्वतःच्या संशोधनाच्या वाटचालीबद्दल बोलतील. एकूण दीड तास, त्यातला शेवटचा अर्धा तास प्रश्नांना.

"इंजिनवाल्या बाई नॅनोत कशा?" असं दोघातिघांनी विचारलं. खरं तर ही उडी वाटते तेवढी लांब नाही. मेणबत्तीच्या ज्योतीत काचपट्टी क्षणभर धरा. जो मखमली काळा थर बसतो, त्यातले मूळ कण साधारण १० ते ५० नॅनोमीटरचे असतात (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). इंजिनात ही काजळी नकोशी. तिचंच भावंड असलेला कार्बन ब्लॅक मात्र टायरच्या रबरात मुद्दाम घालतात. १९९१ मध्ये तर बेंझिनच्या ज्योतीतून फुलरीन (कार्बन अणूंचे पोकळ, चेंडूसारखे रेणू) मिळाल्याचं प्रसिद्ध झालं. तापमान, इंधन-ऑक्सिजनचं प्रमाण, कण ज्योतीत किती वेळ राहतो, हे सगळं ज्वलनवाल्यांच्या हातातलंच. नव्यानं शिकावं लागतं ते कण पकडणं आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं.

- प्रश्न शुक्रवारी रात्रीपर्यंत माझ्याकडे पाठवा. "नॅनोला स्कोप आहे का?" हा कृपया नको.
- विषय बदलायच्या विचारात असलेल्यांनी एक पानी आराखडा आणावा. वक्त्या पाचच आराखडे बघणार आहेत, तेव्हा नाव आधी द्या.
- मेणबत्ती, काचपट्ट्या मी आणते. चिमटा कुणीतरी नक्की आणा. मागच्या वेळी माझी बोटं भाजली.
- ५ नंतर दार बंद; वाऱ्यानं ज्योत हलते.