अपंग पत्नीला ‘समजुतीने घ्या’ सांगण्याआधी

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातल्या कायदेविषयक सदरात, अपघातानंतर अंथरुणाला खिळलेल्या एका भगिनीला दिलेले उत्तर वाचले आणि रात्रभर डोक्यातून गेले नाही. ‘कोर्टकचेरीत वर्षे घालवण्यापेक्षा परस्पर संमतीने मोकळे व्हावे’ हा सल्ला वकीलसाहेबांनी चांगल्या हेतूनेच दिला असेल. पण त्या बाईंनी विचारले होते की, या कारणासाठी नवरा मला घटस्फोट देऊ शकतो का. त्याचे उत्तर अख्ख्या सदरात कुठेही नाही.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये घटस्फोटाची कारणे दिली आहेत, त्यांत शारीरिक अपंगत्व नाही. कुष्ठरोग होता, तोही २०१९ साली वगळला. मानसिक आजार आहे, पण नुसत्या निदानावर भागत नाही; आजार इतका गंभीर हवा की जोडीदाराने एकत्र राहावे अशी रास्त अपेक्षाच करता येऊ नये, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच सांगून ठेवले आहे. मणक्याला इजा झाली, पाय गेले, एवढ्यावर या कायद्याने घटस्फोट मिळत नाही. म्हणून तर संमतीचे कागद पुढे केले जातात. भांडून जे पदरात पडणार नाही, ते तिच्या सहीने पाडून घ्यायचे.

माझ्या ताईच्या बाबतीत हेच झाले. अपघातानंतर तिच्या बोटांत पेन धरण्याइतकाही जोर नव्हता. भाऊजींनी स्वतः तिचा हात धरून शाईच्या पॅडवर अंगठा दाबला आणि अर्जाच्या प्रत्येक पानावर टेकवला. स्त्रीधन परत मिळाले, पोटगीचा हक्क सोडला, यापुढे काहीही मागणार नाही, असे त्यात लिहिले होते. तिला ते कोणी वाचून दाखवले नाही. एकरकमी म्हणून जो आकडा घातला होता, तो चालत्याफिरत्या, उद्या नोकरी धरू शकेल अशा बाईचा हिशेब होता. कॅथेटर, हवेची गादी, फिजिओथेरपी, रात्री उठून कूस बदलणारी मदतनीस, यांतले काहीच त्यात धरले नव्हते. वेळेवर कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतात आणि त्या महिनोन्महिने भरत नाहीत. अंगठा घेणाऱ्यांना हे माहीत नव्हते असे मी मानणार नाही.

समुपदेशनाला बसलो तेव्हा तिथल्या बाईंनी ताईलाच विचारले, ‘त्यांनी आणखी किती वर्षे हे करायचे?’ करत होती आमची आई! अपघातापासून ताई माहेरीच होती. तो प्रश्न मी अजून विसरलेले नाही.

सुदैवाने विधी सेवा प्राधिकरणाकडून एक वकीलबाई मिळाल्या. स्त्रियांना आणि अपंग व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यांनी सांगितले की, घटस्फोटाचा हुकूमनामा, म्हणजे न्यायालयाचा अंतिम आदेश, होईपर्यंत संमती मागे घेता येते, तसा १९९१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. ताईने न्यायाधीशांसमोर सांगितले, ‘मला हे मान्य नाही.’ अर्ज तिथेच थांबला. पुढे पोटगीसाठी तिने वेगळा अर्ज केला. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालामुळे दोन्ही बाजूंना उत्पन्न आणि मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, आणि रक्कम ठरवताना गंभीर अपंगत्वाचा, सततच्या शुश्रूषेच्या खर्चाचा विचार व्हावा असे त्यात लिहिले आहे. तुमच्या वाचक भगिनीला हे कोण सांगणार? तिला घराबाहेर काढले, तर कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली त्या घरात राहण्याचा हक्क ती मागू शकते; घर सासऱ्यांच्या नावावर आहे एवढ्याने तो बुडत नाही. अपंग झालेला नवरा असेल तर घटस्फोटाच्या दाव्यात हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ आणि २५ खाली तोही पोटगी मागू शकतो, हेही फार थोड्यांना ठाऊक असते.

आता विषय निघालाच आहे म्हणून लिहिते. संमती मागे घ्यायच्या दिवशी न्यायालयाची लिफ्ट बंद होती. चौघांनी ताईला चाकाच्या खुर्चीसकट जिन्यावरून वर नेले, एका वळणावर खुर्ची कलली आणि ती ओरडली. दिव्यांग हक्क कायदा २०१६ सालचा आहे. न्यायालयात विनाअडथळा पोचता येणे हा त्यात हक्क म्हणून लिहिलेला आहे, आणि न्यायालयाच्याच इमारतीत ही गत!

माझी विनंती एवढीच की, पुढच्या सदरात त्या भगिनीच्या मूळ प्रश्नाचे सरळ उत्तर छापा, आणि ते याच आठवड्यात छापा. तिच्यापुढेही कागद आलेले असतील.

आपली,
एक नियमित वाचक