कोलाजला 'नक्कल' ठरवून बाद करू नये

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी आणि माझ्या सहकारी चित्रकाराने मिळून केलेले एक कोलाज (कागदाचे तुकडे चिकटवून केलेले चित्र) जिल्ह्यातील एका चित्रप्रदर्शनातून 'प्रसिद्ध चित्राची नक्कल' असा शेरा मारून परत करण्यात आले. प्रश्न आमच्यापुरता असता तर गप्प बसलो असतो. परंतु शाळकरी मुलांची कामेही याच शेऱ्यावर बाजूला पडताना दिसतात, म्हणून हा पत्रप्रपंच.

हे कोलाज फ्रेंच चित्रकार मिले यांच्या १८५७ सालच्या 'द ग्लीनर्स' या चित्रावर बेतलेले आहे. कापणी झालेल्या शेतात वाकून सरवा वेचणाऱ्या तीन स्त्रिया, मागे धान्याच्या गंज्या आणि दूरवर घोड्यावरचा मुकादम, ही मूळ मांडणी आम्ही कायम ठेवली. स्त्रियांच्या हाती मात्र ओंब्यांऐवजी कापूस आला आणि कमरेला ओटी. लुगडी कपाशीच्या बियाण्याच्या रिकाम्या पाकिटांची आहेत. त्या गुळगुळीत पाकिटांवर मैद्याची खळ धरत नाही, त्यामुळे ती पंक्चरच्या सोल्युशनने चिकटवावी लागली. शेताची जमीन वर्तमानपत्रांतील बाजारभावाच्या रकान्यांची आहे. हे भाव वाचता यावेत असा माझा आग्रह होता, तर 'लोक मग चित्र सोडून भावच वाचत बसतील' असे सहकाऱ्यांचे म्हणणे होते. (ते पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवत; त्यांचे म्हणणे अनुभवाचे होते.) अखेर वाकलेल्या हातांजवळचे आकडे तेवढे सुलट ठेवले आणि बाकीचे कागद आडवे फाडून लावले. एवढा खल नकलेसाठी कोणी करीत नाही.

मिले यांच्याच चित्रांच्या कृष्णधवल प्रती समोर ठेवून डच चित्रकार व्हॅन गॉग यांनी १८८९-९० मध्ये फ्रान्समधील सेंट-रेमीच्या रुग्णालयात रंगीत चित्रे केली आणि ती आज त्यांचीच चित्रे म्हणून ओळखली जातात. पिकासो यांनी १९५७ मध्ये जुने स्पॅनिश चित्रकार वेलास्केझ यांच्या 'लास मेनिनास' या चित्रावर अख्खी मालिका रंगवली. कागद चिकटवण्याचेच वावडे असेल, तर फ्रेंच चित्रकार ब्राक आणि पिकासो या जोडीने १९१२ मध्येच छापील कागद चित्रात आणला होता. कायद्याचीही आडकाठी नाही, कारण आपल्याकडे चित्रकाराच्या निधनानंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो आणि मिले १८७५ मध्येच निवर्तले.

मूळ चित्राचे व चित्रकाराचे नाव कोलाजखाली लिहिणे आयोजकांनी खुशाल बंधनकारक करावे. मूळ नाव दडवणाऱ्याला जरूर बाद करावे. मात्र ज्याने ते उघडपणे लिहिले आहे, त्याचे काम मूळ चित्राची प्रत शेजारी ठेवून, काय बदलले आणि का बदलले हे त्याला विचारूनच तपासावे, आणि तशी तरतूद पुढील प्रदर्शनाच्या नियमावलीत छापावी, ही विनंती.

आपला,
एक चित्रकार वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ