चहा सांडतो तो पेल्याच्या घडणीमुळे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात सकाळच्या गर्दीत एका उपनगरी स्थानकावरच्या स्टॉलवर मी चहा घेतला. जवळजवळ आठ सेंटिमीटर तोंडाचा, वर पसरट होत गेलेला कागदी कप काठोकाठ भरून हातात आला. बाकापर्यंत जेमतेम दहा पावले होती. पण आठव्या पावलाला चहा माझ्या अंगठ्यावरून मनगटावर आणि तिथून शेजारून जाणाऱ्या एका तरुणाच्या पांढऱ्या बाहीवर गेला. ‘‘काका, जरा बघून,’’ एवढेच तो म्हणाला. मी माफी मागितली. मात्र आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवल्यानंतर सगळा दोष स्वतःच्या हाताकडे घेणे मला जड जाते.

भांड्यातला द्रव हिंदकळतो तो स्वतःच्या लयीत, आणि ती लय भांड्याच्या रुंदीवर व द्रवाच्या खोलीवर ठरते. कॉफीच्या नेहमीच्या मगात सेकंदाला साधारण तीन-चार हेलकावे बसतात, तर आपली पावले सेकंदाला दोनच्या आसपास पडतात. दोहोंचा थेट मेळ बसत नसला तरी प्रत्येक पावलात त्याहून जलद असे बारीक झटके दडलेले असतात आणि तेच लाटेला फुगवत नेतात. कॅलिफोर्निया विद्यापीठातील क्रेचेतनिकोव्ह आणि मेयर यांनी 2012 मध्ये हे मोजून दाखवले, तेव्हा कॉफी बहुधा सातव्या ते दहाव्या पावलादरम्यान सांडते असे त्यांना आढळले. माझे आठवे पाऊल त्यात चपखल बसले!

कपाकडे बघत चालल्यास सांडणे लांबते, असेही त्यांच्या प्रयोगात दिसले; पण फलाटावर कपाकडे बघत चालणारा माणूस दुसऱ्याच्या अंगावर आदळणार. म्हणून भिस्त आकारावरच ठेवावी लागते. कप दहा अंशांनी कलला, तर आठ सेंटिमीटर तोंडाच्या कपात चहा एका काठाशी सात मिलिमीटर चढतो, आणि पाच सेंटिमीटर तोंडाच्या कटिंगच्या ग्लासात साडेचार मिलिमीटरच. शिवाय अरुंद ग्लासातली लय जलद असल्याने ती पावलांच्या लयीपासून आणखी दूर जाते. बशीचे नेमके उलटे: चौदा सेंटिमीटर रुंद, दीड सेंटिमीटर खोल चहा धरून गणित केले तर सेकंदाला दीड हेलकावा येतो, म्हणजे थेट रमतगमत चालण्याचीच लय. बशीतला चहा बसूनच प्यायचा, ही घरातली शिस्त उगाच नव्हती. माटुंग्याच्या उडुपी हॉटेलांतला फिल्टर कॉफीचा उभट पेला तर दुहेरी शहाणा आहे, कारण वरचा फेस लाट मुरवतो आणि तरीही सांडलेच तर खाली डवरा, म्हणजे पेल्याखालची पसरट वाटी, असतो.

पेला धरण्याच्या पद्धतीनेही फरक पडतो. कोरियातील जिवॉन हान या विद्यार्थ्याने, कप वरून काठाशी बोटांनी धरल्यास हिंदकळणे कमी होते, हे प्रयोगाने दाखवले आणि 2017 मध्ये त्याला इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचे पारितोषिक) मिळाले. माझी आजी तांब्या असाच गळ्याशी धरून माजघरातून ओटीवर आणायची. अर्थात वाफाळता कागदी कप असा धरण्याचा सल्ला मी कुणाला देणार नाही.

फलाटावर काचेचे ग्लास विसळत बसण्याची सोय नसते, हे मला मान्य आहे. परंतु कागदी कपही उभट आणि अरुंद तोंडाचे मिळतात. स्टॉलचालकांनी ते वापरावेत, आणि काठाखाली बोटभर जागा सोडून कपाच्या आत एक रेघ छापून घ्यावी. चहा काठोकाठ भरला जातो तो ‘कमी दिला’ या गिऱ्हाइकाच्या कुरकुरीला घाबरून, आणि रेघेपर्यंत भरलेल्या कपाबद्दल तशी कुरकुर कुणाला करता येणार नाही.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
मुलुंड (पूर्व), मुंबई